माझा पहिला नवरा मातीचा होता

माझी दोन लग्नं झाली. पहिलं मडक्याशी, दुसरं माणसाशी. दोन्ही एकाच आठवड्यात, दोन्ही वेळेला मंगलाष्टकं म्हटली गेली आणि दोन्ही वेळेला मी तोंड आवळून उभी होते. दोघांत सिगारेट न ओढणारा म्हणाल तर पहिलाच. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली बाई आहे. ज्याच्या भीतीने माझं ते पहिलं लग्न लागलं, तो मंगळ त्या दिवशी सूर्याच्या पार पलीकडे होता, पृथ्वीवरून दिसतसुद्धा नव्हता. आपल्या नावाने लोणी काळभोरला एका शिकलेल्या मुलीला मडक्याच्या गळ्यात बांधताहेत, हे त्या बिचाऱ्याला कळायला काही मार्गच नव्हता.

मंगळाची आणि माझी ओळख मात्र त्याच्या फार आधीची. वडील साखर कारखान्यात होते. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो, आणि तेव्हा लोणीच्या गच्चीवरून आभाळ असं दिसायचं की आताच्या पुणेकराला ते दाखवलं तर तो घाबरून खाली पळेल. एका उन्हाळ्यात मी वडलांना विचारलं, तो तांबडा तारा कुठला? ते म्हणाले, "त्यो तारा न्हाय. त्यो मंगळ हाय. रोज बघ, जागा बदलतोय का न्हाय ते." झालं. मी कोळशाचा तुकडा घेतला आणि रोज गच्चीच्या कठड्यावर आजूबाजूचे तारे काढून त्यात त्याची जागा मांडायला लागले. काही आठवडे तो शहाण्यासारखा पुढे गेला. मग थांबला. मग चक्क मागे यायला लागला. मला वाटलं माझंच चुकतंय. वडील म्हणाले, "बघत ऱ्हा की. आभाळाला काय कुणाची परवानगी लागती?" मग तो पुन्हा वळला आणि पुढे निघाला. कठड्यावर एक छान वेलांटी तयार झाली. दिवाळीला आईने तिच्यावर चुना मारला, पण माझ्या डोक्यातून ती पुसली गेली नाही. पुढे कॉलेजात तो मागे का येतो हे गणिताने समजलं, त्या दिवशी स्वारगेटच्या स्टँडवर लोणीच्या गाडीची वाट बघत मी एकटीच हसत होते आणि शेजारची बाई पिशवी घेऊन लांब सरकली.

एम.एस्सी. करायचं होतं. पण घरात स्थळं यायला लागली आणि पहिल्याच खेपेला पत्रिकेत मंगळ निघाला. घराचा पाया खणताना साप निघावा, तशी सगळ्यांची तोंडं झाली. ज्याची वाकडी वाट मी स्वतःच्या हाताने काढली होती, तो म्हणे माझ्या सातव्या घरात ठाण मांडून बसलाय आणि होणाऱ्या नवऱ्याच्या जिवावर उठलाय. मी वडलांना म्हटलं, "अण्णा, तो एवढा लांब आहे." ते म्हणाले, "मला ठाव हाय. पण त्यांस्नी ठाव न्हाय ना!" एक स्थळ गेलं, दुसरं गेलं. तिसरं पुण्याचं आलं. मुलगा बँकेत, स्वारगेटच्या मागच्या बाजूला स्वतःचा फ्लॅट, आई आणि मुलगा दोघंच. मुलाला मी पसंत होते. आईची एकच अट होती. आधी कुंभविवाह करा. म्हणजे मुलीचं लग्न आधी मातीच्या मडक्याशी लावायचं, मंगळाचा जो काय राग असेल तो त्या मडक्यावर निघू द्यायचा, मग मडकं वाहत्या पाण्यात सोडायचं. मडकं गेलं, म्हणजे पहिला नवरा गेला. मुलगी कोरी.

ते लग्न आमच्या मागच्या खोलीत लागलं. सासूबाई, म्हणजे तेव्हा होणाऱ्या सासूबाई, स्वतः आल्या होत्या. अट नीट पाळली जातेय की नाही हे बघायला. मडक्याला हळदकुंकू लावलं, गळ्यात हार घातला, माझ्याभोवती आणि त्याच्याभोवती एकच सूत गुंडाळलं. गुरुजी गंभीर. मी वडलांच्या कानात म्हटलं, "मुलगा शांत दिसतोय. घरात पाणीही गार ठेवील." वडलांना हसू आवरेना, त्यांना खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं. नंतर ते मला म्हणाले, "पोरी, माफ कर." मी म्हटलं, कशाबद्दल? मला एका आठवड्यात दोन नवरे मिळाले, इथे लोकांना एक मिळत नाही.

नेमका त्या आठवड्यात कालवा कोरडा होता. मडकं सोडायचं कुठे? सासूबाई म्हणाल्या, "मी पुण्याला घेऊन जाते. पुलावरून नदीत सोडते. त्यात काय मोठंसं." आणि माझा पहिला नवरा त्यांच्या मांडीवर बसून एस.टी.ने पुण्याला गेला. चार दिवसांनी मी गेले.

सासूबाईंचं घर म्हणजे काटकसरीचं विद्यापीठ. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत टाकायच्या, सुतळी सोडवून गुंडाळून ठेवायची, फाटक्या चादरीची पायपुसणी. ओट्याच्या कोपऱ्यात पाण्याचं मडकं. फ्रिज आला, भिंतीवर फिल्टर लागला, मडकं जागचं हललं नाही. एकदा मी म्हटलं, आई, आता हे काढू या का? तर म्हणाल्या, "खापर बघ त्याचं. हल्ली मिळतं का असलं?" पाणी गार असायचं, हे खरं. सगळे त्यातलंच पाणी प्यायचो.

दुसऱ्या नवऱ्याबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे फारसं काही नाही. चांगला माणूस होता. माझ्याबरोबर सोसायटीच्या गच्चीवर यायचा, मी आभाळ बघायचे, तो सिगारेट ओढायचा. सिगारेटचं पेटलेलं टोक माझ्यासमोर धरून म्हणायचा, "हा बघ माझा मंगळ. तुझ्या मंगळापेक्षा जवळचा." मी म्हणायचे, हाच घेऊन जाईल तुला. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, खोकल्याने सांगितलं. बी.पी.च्या गोळ्या टेबलावर तशाच असायच्या. एका सकाळी ऑफिसला निघताना बुटाच्या नाड्या बांधायला वाकला आणि उठलाच नाही.

तेराव्याला नातेवाईक जमले होते. चुलतसासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने हळू आवाजात म्हणाल्या, "मंगळाची मुलगी. आम्ही तेव्हाच म्हटलं होतं." खोलीत सगळ्यांनी ऐकलं. मी ऐकलं. समोर सासूबाई बसल्या होत्या, परातीत तांदूळ निवडत. मी त्यांच्याकडे बघितलं. बाई, एक शब्द बोल. "काहीतरीच काय बोलता वहिनी," एवढंच म्हण. त्यांनी मान वर केली नाही. तांदळातले खडे काढत राहिल्या. आणि त्याच्या पुढच्या मंगळवारपासून त्यांनी उपास धरला. कडक. दिवसभर पाणी, रात्री थोडा साबुदाणा.

तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. पण एवढ्यावर मी वर्षानुवर्षं त्या बाईबरोबर एका घरात राहिले. दोघीच. त्यांच्या डोळ्यात थेंब घालायचे, डॉक्टरकडे न्यायचे, पाठीला तेल लावायचे, आणि दर मंगळवारी त्या देवापुढे बसल्या की मला वाटायचं, ही माझी केस चालू आहे. विचारलं कधीच नाही. विचारलं असतं आणि त्या "हो" म्हणाल्या असत्या तर? मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओट्यावर दोघींचा चहा कसा टाकायचा? तेराव्याच्या गोंधळात ओट्यावरचं ते मडकंही दिसेनासं झालं होतं. पाहुण्यारावळ्यांत फुटलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी दुर्बीण घेतली. सहा इंची आरशाची, चांगली. आमच्या सोसायटीत त्यामुळे मी "त्या दुर्बीणवाल्या काकू" झाले. म्हणजे ज्यांना कुणी काही विचारत नाही, पण ज्यांच्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं, त्या. पुण्याच्या आभाळात आता दिसतं काय, हा वेगळा विषय. समोरच्या टॉवरवर बिल्डरने असे दिवे लावलेत की त्या उजेडात मी गच्चीवर उभ्याने गहू निवडीन. कमिटीला म्हटलं, आपला तरी गच्चीवरचा दिवा बंद ठेवा. उत्तर आलं, "सेफ्टीचा प्रश्न आहे." कुणाची सेफ्टी? तिथे माझ्याशिवाय जातं कोण?

अवकाशाचं प्रेम तसं आमच्या सोसायटीला फार आहे. चंद्रावर यान उतरलं तेव्हा पार्किंगमध्ये पेढे वाटले. आणि त्याच दिवशी चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाने नव्या गाडीची डिलिव्हरी पुढे ढकलली, कारण ग्रहमान ठीक नव्हतं. गाडी घेणारा इंजिनिअर आहे. पेढा खाऊन झाल्यावर त्यानेच मला हे सांगितलं, आणि त्यात त्याला काही विचित्र वाटलं नाही.

या हिवाळ्यात मग ते सुरू झालं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज. सगळे ग्रह एका रेषेत येणार, असा योग पुन्हा नाही, अमुक मंत्र म्हणा, फ्रिजमधलं अन्न खाऊ नका. मी लिहिलं की ग्रह कायमच एका पट्ट्यात असतात, आणि त्याबद्दल धावपळ करणं म्हणजे लक्ष्मी रोडवरची दुकानं आज एका रांगेत आली म्हणून नारळ फोडण्यासारखं आहे. त्यावर तीन जणांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मग अध्यक्षांचा फोन आला. "अहो, तुमची ती दुर्बीण आहे ना, जरा आपल्या मेंबर्सना दाखवा. आपण गच्चीवर कार्यक्रमच करू. दिवा बंद ठेवतो." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दिवा बंद होणार होता. मी हो म्हटलं. वार होता मंगळवार, हे मला नंतर लक्षात आलं.

सूर्य मावळल्यावर सगळे वर आले. स्वेटर, कानटोप्या, थर्मासमधून कॉफी. आधी शुक्र दाखवला. तेव्हा तो अर्ध्या चंद्रासारखा दिसत होता. अध्यक्ष डोळा लावून म्हणाले, "चंद्र फार सुंदर दिसतोय." मी म्हटलं, चंद्र नाही, शुक्र आहे. ते म्हणाले, "नाही हो, चंद्रच आहे. आम्हाला कळतो चंद्र." मी म्हटलं, बरं. मग शनी. त्याची कडी यंदा आपल्याकडे जवळपास धारेने वळलेली, त्यामुळे गोळ्यातून सुई आरपार घातल्यासारखं दिसत होतं. खराडीला आयटीत असलेला दुसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ म्हणाला, "काकू, रिंग्ज कुठायत? इन्स्टावर तर फुल कलर होतं. झूम होत नाही का?" त्याच्या बायकोने दुर्बिणीला पाठ करून सेल्फी काढला. एका बाईंनी विचारलं, बघितल्यावर आंघोळ करावी लागते का. मी म्हटलं, कॉफी प्यायल्यावर करता का? नाही ना? मग नका करू. अर्ध्या तासात थंडी वाजायला लागली, कॉफी संपली आणि सगळं विश्व बघून झालं. एकाने जाताना दिवा लावला. मी पुन्हा बंद केला.

दुर्बीण आवरायला घेतली तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई. लिफ्ट सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंतच येते, पुढचा जिना त्या कठडा धरून चढल्या होत्या. महिन्याभरापूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दिवसभर पोटात काही नाही. मला आधी रागच आला.

"अहो आई, एकट्या कशाला आलात? पडला असता म्हणजे?"

"नाही पडले," त्या म्हणाल्या. "ती माणसं गेली का?"

"गेली."

"मग मला दाखव. तुझा तो कुठाय?"

"कोण माझा?"

"मंगळ गं."

 मनात म्हटलं, आली वेळ. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, आणि आज उपाशीपोटी जिना चढून माझ्या नवऱ्याचा मारेकरी बघायला आल्या होत्या. पूर्वेला तो चांगला वर आला होता, पृथ्वीच्या जवळ होता, भक्क तांबडा. मी दुर्बीण वळवली, स्टूल ठेवलं, त्यांना धरून बसवलं. त्यांनी नवा डोळा लावला.

"दिसला?"

"सरकतोय."

"पृथ्वी फिरते म्हणून. थांबा." मी पुन्हा मध्ये आणला.

"हा? हा एवढासा?"

खरं सांगायचं तर मंगळ दुर्बिणीतून सगळ्यांची निराशा करतो. मसुरीचा दाणा. माझीही पहिल्यांदा झाली होती. मी म्हटलं, "एवढासाच दिसतो. तुम्ही बघताय तो उजेड तिथून निघून पाच मिनिटं झाली. इतका लांब आहे."

त्यांनी डोळा काढला नाही. तसंच बघत म्हणाल्या, "मी ते मडकं सोडलं नव्हतं गं."

मला आधी कळेचना. कसलं मडकं?

"तुझं. लोणीहून आणलेलं. पुलावर गेले. खाली बघितलं तर नुसती घाण. पाणी नाहीच, गटार. आणि मडकं बघ, किती चांगलं खापराचं. म्हटलं, सूत सोडलं, हार सोडला, झालं की. मडकं कशाला फुकट घालवायचं. घरी आणून घासलं आणि पाणी भरलं." मग म्हणाल्या, "तोही त्यातलंच पाणी प्यायचा. रोज. तो गेल्यावर मी ते कालव्यावर नेऊन फोडलं. पण तेव्हा फोडून काय उपयोग?"

 हसावं की ओरडावं कळेना. माझा पहिला नवरा ओट्याच्या कोपऱ्यात बसून होता, आणि माझं पहिलं लग्न दुसऱ्याइतकंच टिकलं होतं.

"म्हणजे हे मंगळवार..."

"मग कशासाठी? माझ्या हातून झालं ना ते."

"आणि मी समजत होते तुम्ही मला धरलंय. माझ्या मंगळाला."

आता त्यांनी डोळा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "तुला? तुला कशाला? तुझं काय चुकलं? तू आपली नीट उभी राहिलीस, जे सांगितलं ते केलंस."

"मग तेराव्याला त्या काकू बोलल्या तेव्हा तोंड का उघडलं नाहीत?"

"काय बोलणार? तुझ्या बाजूने बोलायचं तर मडक्याचं सांगावं लागलं असतं. सगळ्यांसमोर. धीर झाला नाही बाई."

मला भयंकर राग आला. आजही येतो. दोन किलो मातीच्या मडक्यासाठी या बाईने मला इतकी वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहू दिलं, आणि स्वतः शेजारच्या पिंजऱ्यात उभी राहिली, आणि आम्ही दोघी रोज सकाळी एकमेकींना चहा देत होतो. बोलायला जिभेवर बरंच काही होतं. जन्मभर मी या विषयावर लोकांना टोमणेच मारत आले, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण त्या स्टुलावर बसून, शालीचं टोक मुठीत धरून, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या.

"याला कळतं का गं," त्यांनी विचारलं, "खाली कोण काय करतंय ते?"

"नाही, आई. तिथे कुणीच नाही. दगड आहेत, धूळ आहे, आणि आपण माणसांनी पाठवलेली चार यंत्रं. त्याला मडकं माहीत नाही, मी माहीत नाही, तुमचा मुलगा माहीत नाही. मुलाला नेलं ते सिगारेटने. मी सांगत होते, तुम्ही सांगत होतात."

"मग मडकं?"

"मडकं चांगलं होतं. पाणी गार राहायचं."

 त्यांनी पदराने नवा डोळा टिपला, जो टिपू नका म्हणून डॉक्टरांनी दहादा सांगितलंय, आणि पुन्हा दुर्बिणीला लावला. मी मंगळ मध्ये आणून दिला. बराच वेळ बघत होत्या. मग त्यालाच म्हणाल्या, "मेल्या, एवढासा तू."

मी त्यांना हाताला धरून उठवलं. जिन्याच्या तोंडाशी येऊन त्या थांबल्या.

"दुर्बीण राहू दे, नंतर आण. आधी खाली चल आणि खिचडी टाक. भूक लागलीय."

"साबुदाणा भिजवलेला नाहीये अजून."

"साबुदाणा कोण म्हणतंय?" सासूबाई म्हणाल्या. "मुगाची टाक. आणि कांदा घाल."